ऑफिसचे १८ वर्षांचे मेल कसे लावायचे आणि त्यातला हवा तो कसा शोधायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाला आहे ते कळेल. प्रभात रोडला वडिलांचं स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस, २००६ पासूनचे मेल, सुरुवातीचे आउटलुकच्या पीएसटी फाइल्समध्ये, मधली काही वर्षं थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये, २०१३ नंतर जीमेल, सगळं मिळून तीन लाखांच्या वर मेल आणि अटॅचमेंट धरून शंभरेक जीबी. वडील आता काम कमी करतायत, ऑफिस तुम्ही बघताय, आणि जुन्या एखाद्या सोसायटीचं काम परत आलं की त्या वेळचा मेल सापडत नाही. म्हणून दोन ट्रेनी मुलं चार महिने बसवून सगळे मेल प्रोजेक्टवार फोल्डरमध्ये लावून घ्यायचे असं तुमच्या मनात आहे, ते करावं का आणि कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, असं विचारलंय.

करू नका. त्या चार महिन्यांचा पगार वाया जाईल आणि मेल तरीही सापडणार नाही. मी गेली बरीच वर्षं पुण्यातल्या छोट्या ऑफिसांचे मेल आणि बॅकअप बघतो, आर्किटेक्ट, सीए, शिवाजीनगर कोर्टाजवळचे वकील अशी मंडळी, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कधीतरी हा फोल्डरचा प्रकल्प सुरू केलेला असतो, तो २०११-१२ पर्यंत येऊन थांबलेला असतो, आणि त्यानंतर अर्धे मेल फोल्डरमध्ये आणि अर्धे बाहेर अशी अवस्था होते, जी काहीच न केलेल्या इनबॉक्सपेक्षा वाईट, कारण आता दोन ठिकाणी शोधावं लागतं.

यात मुलांचा दोष नसतो. एकाच मेलमध्ये बिल्डर बाणेरच्या साइटच्या कॉलमबद्दल विचारतो, खाली वाघोलीच्या बिलाची आठवण करतो आणि शेवटी तिसऱ्याच जागेचा सॉइल रिपोर्ट जोडतो, मग तो मेल कुठल्या फोल्डरमध्ये? लावणारा एक ठरवतो, शोधणारा दुसरंच समजतो. २०११ मध्ये आयबीएम रिसर्चच्या स्टीव्ह व्हिटेकर आणि सहकाऱ्यांनी ३४५ लोकांनी जुने मेल परत कसे शोधले ते तपासलं होतं, अशा ८५,००० हून जास्त कृती, आणि निघालं असं की भरपूर फोल्डर करून ठेवणाऱ्यांना मेल काही जास्त यशस्वीपणे सापडत नव्हते, उलट सर्चने आणि थ्रेडने, म्हणजे एका मेलच्या उत्तरांच्या साखळीवरून, शोधणाऱ्यांचं काम लवकर होत होतं. माझा स्वतःचा अनुभव अगदी तोच आहे. जुना ढीग लावायचा नाही, तो जसाच्या तसा एका जागी सुरक्षित आणायचा, त्याचा इंडेक्स, म्हणजे शब्दांची सूची, करायचा आणि सगळी मेहनत शोधायच्या शब्दांवर घालायची.

आता पहिलं काम, आणि यात घाई नको. काहीही उघडण्याआधी सगळ्या पीएसटी फाइल्स आणि थंडरबर्डचं अख्खं प्रोफाइल फोल्डर एका नवीन हार्ड डिस्कवर कॉपी करा, मग दुसऱ्या डिस्कवर, आणि एक डिस्क ऑफिसबाहेर ठेवा. पुढचं सगळं काम कॉपीवर. हे एवढं ठासून सांगतोय कारण पीएसटी हा प्रकार नाजूक असतो. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या फॉरमॅटची पीएसटी २ जीबीच्या पुढे गेली की खराब व्हायची, २००३ पासूनच्या नव्या फॉरमॅटला २० जीबी आणि २०१० नंतर ५० जीबी अशी मर्यादा ठरवलेली आहे. तुमच्याकडे २००६ च्या फाइल्स आहेत, पण त्या वेळी आउटलुक कुठलं होतं कोण जाणे, तेव्हा २ जीबीच्या आसपास साइज असलेली फाइल दिसली की सावध व्हा. ती उघडत नसेल तर आउटलुकसोबत येणारं स्कॅनपीएसटी चालवा, तेही कॉपीवरच, कारण ते दुरुस्त करताना काही गोष्टी टाकूनही देतं. आणि पीएसटी नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच उघडायची सवय असेल तर ती आजच बंद करा, मायक्रोसॉफ्ट स्वतःच तसं करू नका म्हणतं.

पीएसटीतून मेल बाहेर काढायला रीडपीएसटी नावाचं फुकट टूल आहे, लिनक्सवर चालतं, ते प्रत्येक फोल्डरची एमबॉक्स फाइल, म्हणजे सगळे मेल एकाखाली एक असलेली एकच फाइल, करून देतं. इंटरनेटवर ‘पीएसटी अपलोड करा, आम्ही कन्व्हर्ट करून देतो’ अशा साइट्स खूप आहेत, तिकडे कृपा करून जाऊ नका, वडिलांच्या अठरा वर्षांच्या क्लायंटांचा पत्रव्यवहार, ड्रॉइंग, बँक स्टेटमेंट सगळं अनोळखी माणसाच्या हातात जाईल. थंडरबर्डचं सोपं आहे, तो आधीपासूनच एमबॉक्समध्ये साठवतो, एक्स्टेन्शन नसलेली मोठी फाइल म्हणजे मेल आणि एमएसएफ शेवट असलेली छोटी फाइल म्हणजे फक्त यादी, यादी गेली तरी परत तयार होते. थंडरबर्डमध्ये डिलीट केलेला मेल कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे उडवलेले मेल खरोखर काढून फाइल लहान करेपर्यंत, फाइलमध्ये तसाच पडून असतो, म्हणून कॉपी घ्यायच्या आधी कॉम्पॅक्ट करू नका, चुकून उडवलेलं काहीतरी त्यात मिळू शकतं.

जीमेलचं थोडं वेगळं. बऱ्याच जणांना वाटतं आयमॅपने, म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या मेल प्रोग्रॅममध्ये दाखवायच्या पद्धतीने, सगळं डाउनलोड करावं, पण गुगलची आयमॅप डाउनलोडवर दिवसाला साधारण २,५०० एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे तुमचे जीमेलवरचे समजा ६० जीबी असतील तर चोवीस दिवस लागतील आणि मधेच तुटलं की डोक्याला ताप. त्यापेक्षा गुगल टेकआउटने, म्हणजे आपला डेटा एकगठ्ठा उतरवून घ्यायच्या गुगलच्या सोयीने, काढा, तिथून एमबॉक्स मिळते आणि प्रत्येक मेलवर कुठली लेबल होती तेही हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या तांत्रिक ओळींमध्ये, लिहून येतं. लिंक आठवडाभरात बंद होते, तेव्हा ज्या दिवशी येईल त्या दिवशीच उतरवून घ्या. पुढचे रोजचे नवीन मेल मात्र आयमॅपने घेतलेले बरे, त्यात फक्त ‘ऑल मेल’ हा एकच फोल्डर घ्यायचा, कारण जीमेलमध्ये फोल्डर नसतातच, लेबल असतात, आणि तीन लेबल लावलेला मेल आयमॅपमध्ये तीन फोल्डरमध्ये तीनदा दिसतो. हे माहीत नसल्यामुळे लोकांच्या डिस्क दुप्पट-तिप्पट भरतात. आणि आयमॅप हा बॅकअप नाही हेही लक्षात घ्या, सर्व्हरवर उडालं की इथूनही उडतं.

एवढं झालं की तुमच्याकडे तीन ठिकाणचे मेल एका जागी येतील आणि त्यात भरपूर डुप्लिकेट असतील. घाबरू नका, हाताने काहीही डिलीट करायचं नाही. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये मेसेज-आयडी नावाची एक ओळ असते, १९८२ च्या आरएफसी ८२२ या मेलच्या मानकातही ही पद्धत आहे, आणि ती त्या मेलपुरती एकमेव असते. वडिलांच्या सेंटमधली प्रत आणि ऑफिसच्या दुसऱ्या खात्यात सीसी आलेली प्रत, दोन्हींचा मेसेज-आयडी सहसा एकच. चांगलं इंडेक्स करणारं सॉफ्टवेअर यावरून ओळखतं आणि एकदाच दाखवतं, फाइल्स दोन राहिल्या तरी बिघडत नाही. ‘हा त्याला उत्तर आहे’ हेही इन-रिप्लाय-टू आणि रेफरन्सेस या दोन हेडरवरून कळतं, सब्जेक्टवरून नव्हे.

सॉफ्टवेअरचं विचारलंत. माझी निवड सरळ आहे, मेलसाठी नॉटमच आणि अटॅचमेंटच्या आत शोधायला रिकॉल. नॉटमच कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलं, आत झापियन नावाचं सर्च इंजिन आहे, आणि ते तुमच्या मेलमधला मजकूर बदलत नाही, बाजूला फक्त इंडेक्स करतं, पुस्तकाच्या शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर याची सूची असते तसा. म्हणून तीन लाख मेलमध्येही उत्तर सेकंदाच्या आत येतं. त्याला प्रत्येक मेलची वेगळी फाइल लागते, म्हणजे मेलडिर पद्धत, तेव्हा एमबॉक्स आधी मेलडिरमध्ये फोडून घ्यावी लागते. कमांड टाइप कराव्या लागतात हे खरं, पण ऑफिसात लिनक्सची एक जुनी मशीन आणि थोडा हात चालणारा एक मुलगा असला की पुरे. ते अजिबात नको असेल तर थंडरबर्डमध्येच लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार एमबॉक्स आणून त्याचं ग्लोबल सर्च वापरा, चालतं, फक्त एका फाइलमध्ये पंधरा-वीस जीबी कोंबू नका, आणि अटॅचमेंटच्या आतलं ते शोधत नाही हे लक्षात असू द्या. वर्षवार म्हटलं ते एप्रिल ते मार्च करा, बिलं आणि करार आपल्या डोक्यात आर्थिक वर्षानेच बसलेले असतात.

काही जण म्हणतात एवढं कशाला, फाइल्समध्ये सरळ ग्रेप मारू, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये थेट शब्द शोधणारी कमांड चालवू. इंग्रजी साध्या मेलला चालेल, मराठीला चालणार नाही. मेलमधला मराठी मजकूर जाताना सहसा बेस६४ नाहीतर कोटेड-प्रिंटेबलमध्ये बदलून जातो, कच्च्या फाइलमध्ये तो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, सब्जेक्टसुद्धा. तो उलगडून मग इंडेक्स करणारंच सॉफ्टवेअर हवं.

आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मेल शोधण्यावर इंग्रजीत जे काही लिहिलं जातं त्यात हे कुठेच नसतं आणि आपल्याकडे नेमकं इथेच अडतं. मराठीत डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे शब्द कॉम्प्युटरला वेगळे असू शकतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’, दोन्ही बघा, दिसायला एकच आहेत ना? पहिल्यात ऱ हे वेगळं अक्षर वापरलंय, दुसऱ्यात साध्या र ला न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर लावलाय. जुन्या कीबोर्डवर एक यायचं, मोबाइलवर दुसरं येतं. ‘दुसर्‍या मजल्याचा स्लॅब’ असं एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेलं असेल आणि तुम्ही आजच्या मोबाइलवरून शोधलंत तर शून्य रिझल्ट, आणि तुम्हाला वाटणार मेलच नाही. तसंच ‘ॲडव्हान्स’ आणि ‘अॅडव्हान्स’, एकात ॲ हे अख्खं अक्षर, दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र. आकड्यांचंही तेच, मराठी आकड्यांनी लिहिलेला सर्व्हे नंबर इंग्रजी आकड्यांनी शोधलात तर सापडेलच असं धरू नका. उपाय सोपा आहे, इंडेक्स करायच्या आधी मजकुराची एक वेगळी प्रत एका छोट्या स्क्रिप्टमधून काढायची, त्यात हे सगळे प्रकार एकाच रूपात आणायचे, आणि शोधायचा शब्दही त्याच स्क्रिप्टमधून जाऊ द्यायचा. मूळ मेल जसाच्या तसा. हे जमत नसेल तर निदान शोधताना दोन्ही रूपं टाकून बघायची सवय लावा.

मग विभक्ती. जीमेल अख्खा शब्द शोधतं, शब्दाचा तुकडा नाही. ‘सोसायटी’ शोधलं तर ‘सोसायटीच्या’ असलेला मेल येईल याची खात्री नाही, ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याची टाकी’ नक्कीच हुकणार, कारण ‘पाणी’ हा शब्द त्यात अख्खा नाहीच. नॉटमचमध्ये शब्दाच्या शेवटी स्टार लावता येतो, ‘सोसायटी’ला स्टार, आणि जिथे मूळ शब्दच बदलतो तिथे अलीकडेच थांबायचं, म्हणजे ‘पाण’ एवढंच लिहून स्टार. थोडा कचरा येतो पण हुकत नाही, आणि पहिल्या शोधात हुकण्यापेक्षा कचरा परवडतो.

त्याहून जुनी अडचण म्हणजे २००८-१० च्या आधीच्या वर्डच्या अटॅचमेंट. आपल्याकडे ऑफिसांमध्ये मराठी टायपिंग श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमने व्हायचं, दोन्ही इथलीच, पुण्याची. त्या फॉन्टमध्ये दिसायला मराठी पण फाइलच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, तो फॉन्ट मशीनवर नसेल तर उघडल्यावर गिचमिड दिसते. अशा फाइलमध्ये युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीने टाइप केलेला, मराठी शब्द कधीच सापडणार नाही. महापालिकेला केलेले मराठी अर्ज, सोसायट्यांची पत्रं अशीच असणार. त्या फाइल्स वेगळ्या काढून कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो तेव्हा फॉन्टचं नाव बघून करा, आणि मूळ फाइलही ठेवा. तुमची ट्रेनी मुलं बसवायचीच असतील तर या कामाला बसवा, इथे माणसाचा डोळा लागतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफचं तसंच, तो फक्त फोटो असतो, आत अक्षर नसतं. टेसरॅक्ट हे ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि त्यात मराठीचा वेगळा डेटा मिळतो, इंग्रजी आणि मराठी दोन्ही लावून रात्रभर चालू ठेवायचं. हाताने लिहिलेलं वाचत नाही, शिक्क्याखालचं चुकतं, पण छापील लेटरहेड आणि नंबर बऱ्यापैकी येतात. पासवर्ड लावलेल्या पीडीएफ आणि झिप फाइल्स इंडेक्समध्ये जातच नाहीत, बँकेची स्टेटमेंट बहुतेक अशीच असतात, वडिलांना विचारून त्या आत्ताच उघडून बिनपासवर्डची प्रत एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ठेवा, पाच वर्षांनी तो पासवर्ड कुणालाच आठवणार नाही. आणि एक दुखरी गोष्ट, जीमेलला २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जात नाही त्यामुळे मोठी ड्रॉइंग ड्राइव्हच्या लिंकने यायला लागली, मेल आहे पण फाइल समोरच्याच्या खात्यात आहे, त्याने उडवली की संपलं. चालू प्रोजेक्टच्या अशा लिंक शोधून फाइल्स आजच उतरवून घ्या, हे थांबण्यासारखं काम नाही.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. तुमच्या धंद्यात प्रोजेक्टचं नाव हे शोधायला सगळ्यात बेभरवशाचं असतं, कारण एकाच जागेला बिल्डर एक नाव देतो, वडील दुसरं वापरतात, सोसायटी झाल्यावर तिसरंच होतं. गावांच्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग तर विचारूच नका, एरंडवणे, हिंजवडी, धायरी ही प्रत्येकी तीन-चार प्रकारे लिहिलेली सापडतील, आणि जुन्या लेटरहेडवर पुण्याचंही पूना. म्हणून एक साधी एक्सेल शीट करा, एका ओळीत एक प्रोजेक्ट, आणि त्यापुढे त्याची सगळी नावं, सर्व्हे नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर, बिल्डरचे आणि आर्किटेक्टचे मेल पत्ते, आणि २०१७ नंतरचा असेल तर महारेराचा नंबर. महारेरा १ मे २०१७ ला सुरू झालं आणि पुणे जिल्ह्यातल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या प्रोजेक्टचे नंबर पी५२१ ने सुरू होतात, तो नंबर सगळ्यात पक्का धागा, कुणी त्याचं स्पेलिंग बदलू शकत नाही. सर्व्हे नंबर मात्र जपून, ४७/२/१ असा नंबर सर्च इंजिन तोडून ४७, २ आणि १ असे तीन शब्द करतं, म्हणून तो अवतरण चिन्हात टाकायचा आणि सोबत गावाचं नाव द्यायचं, नाहीतर हजारो मेल समोर येतात.

ही शीट वडिलांबरोबर बसून करा, आणि ती लवकर करा. अमुक बिल्डरकडे त्या वेळी साइट कोण बघायचं, त्यांचा मेल कुठल्या पत्त्यावरून यायचा, मधेच आर्किटेक्ट बदलला होता का, हे कुठल्याही मेलमध्ये एका जागी लिहिलेलं नसतं, ते त्यांच्या डोक्यात आहे. ट्रेनी मुलांच्या चार महिन्यांपेक्षा वडिलांच्या चार दुपारी जास्त मोलाच्या आहेत, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

शोधताना मी नेहमी आधी सेंटमध्ये शोधतो. वडील काय शब्द वापरतात ते तुम्हाला माहीत आहे, समोरचा काय वापरतो ते नाही. वडिलांचा एक मेल मिळाला की त्याचा थ्रेड उघडायचा, समोरच्याने वापरलेला एखादा दुर्मीळ शब्द उचलायचा, कॉलमचा नंबर, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, चलनाचा नंबर, आणि त्या शब्दाने परत शोधायचं. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेक वेळा पोचतोच. ‘स्लॅब’, ‘ड्रॉइंग’, ‘अर्जंट’ असे शब्द टाकून काही उपयोग नाही, ते तुमच्याकडे प्रत्येक मेलमध्ये आहेत. तारखेवर पूर्ण भरवसा ठेवू नका, मेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळाची असते, बॅटरी गेलेल्या कॉम्प्युटरवरून आलेला मेल भलत्याच वर्षात जाऊन बसतो, आणि इम्पोर्ट करताना कधीकधी इम्पोर्टचीच तारीख लागते. तारीख लावून सापडला नाही तर तारीख काढून बघा. आणि २०१५-१६ च्या पुढे एखाद्या थ्रेडमध्ये अचानक महिनाभर शांतता दिसली तर बोलणं व्हॉट्सॲपवर गेलं असं समजा.

जीमेलवर तात्पुरतं शोधायचं तर फ्रॉम, टू आणि सब्जेक्ट यांना कोलन लावून शोधता येतं हे माहीत असेलच. कमी माहीत असलेलं म्हणजे फाइलनेम कोलन डीडब्ल्यूजी लिहिलं की ऑटोकॅडची ड्रॉइंग जोडलेले मेल येतात, लार्जर कोलन १०एम लिहिलं की १० एमबीच्या वरचे, जागा मोकळी करायला हे कामाचं. हे सगळं अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. नेहमीचं सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघत नाही, त्यासाठी इन कोलन एनीव्हेअर, आणि ट्रॅशमधलं ३० दिवसांनी कायमचं जातं. जीमेलचा थ्रेड शंभर मेल झाले किंवा सब्जेक्ट बदलला की तुटतो, म्हणून मोठ्या प्रोजेक्टचा थ्रेड अर्धवट वाटला तर तो संपलाय असं समजू नका, पुढचा तुकडा वेगळा पडलेला असतो.

फोल्डर नको म्हटलं म्हणजे काहीच खूण नको असं नाही. जे सर्चला मेलमधून कळूच शकत नाही तेवढ्यालाच टॅग लावा. ‘फायनल मंजूर ड्रॉइंग’ हा टॅग मोलाचा, कारण दहा रिव्हिजनपैकी कुठली साइटवर प्रत्यक्ष वापरली हे शब्दावरून समजत नाही. ‘करार’, ‘वाद’, ‘घरचं’, एवढे पुरेत. प्रोजेक्टचे टॅग हाताने लावायचेच नाहीत, वरच्या शीटमधल्या पत्त्यांवरून आणि नंबरांवरून एक सर्च बनवून सेव्ह करायचा, तोच फोल्डरसारखा दिसतो आणि एक मेल दोन प्रोजेक्टमध्ये दिसला तरी काही बिघडत नाही. ‘घरचं’ मात्र पहिल्यांदा लावा, वडिलांचे मेडिकल रिपोर्ट आणि नातेवाइकांचे मेल ऑफिसच्या मुलांना दिसायचं कारण नाही.

इथून पुढच्या मेलसाठी ऑफिसात एकच नियम करा, सब्जेक्टच्या सुरुवातीला प्रोजेक्टचा कोड, आणि नवीन विषयाला नवीन मेल. आपल्याकडे लोक शेवटचा आलेला मेल उघडतात, रिप्लाय दाबतात आणि त्यातच दुसऱ्या साइटचं लिहितात, मग तो थ्रेड कायमचा मिसळतो. क्लायंट ऐकणार नाहीत, पण उत्तर देताना तुम्ही सब्जेक्ट सुधारून दिलात तरी निम्मं काम होतं.

काय टाकून द्यावं असंही तुम्ही विचारलं होतं. न्यूजलेटर आणि ओटीपी सोडून काहीही नाही. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, पण तुमच्या कामात त्याच्या कितीतरी पुढे जावं लागतं, सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट असतं, म्हणजे २००८ ला वडिलांनी डिझाइन केलेली इमारत आत्ता कुठे त्या वयात आलीय. आणि उद्या वाद झालाच तर फॉरवर्ड केलेली किंवा प्रिंट काढलेली प्रत कमकुवत पडते, मूळ मेल पूर्ण हेडरसकट हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलवरून काढलेला आणि फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा, लिहावी लागते. म्हणून मूळ पीएसटी आणि एमबॉक्स फाइल्सची एसएचए२५६ हॅश आजच काढून तारखेसह लिहून ठेवा आणि त्या फाइल्स रीड-ओन्ली करा. ही कायद्याची बाजू तुमच्या वकिलांकडून एकदा तपासून घ्या.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण ती राहून जाते. वडिलांचं जुनं डोमेन, ज्यावर २०१३ पर्यंत मेल यायचे, ते वापरत नसलात तरी दरवर्षी रिन्यू करत राहा. ते सुटलं तर कुणीही विकत घेऊन त्या पत्त्यांवर येणारे मेल वाचू शकतो, आणि बँक, इन्कम टॅक्स, आणखी कुठल्या कुठल्या पोर्टलचे पासवर्ड रीसेट अजून त्या पत्त्यावर जात असतील. जुनं एखादं जीमेल खातं असेल तर त्यातही अधूनमधून लॉग-इन करा, दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगल काढून टाकू शकतं. रिकव्हरीचा फोन नंबर वडिलांचा एकट्याचा असेल तर तुमचाही जोडा, आणि हे त्यांच्या फोनवर, त्यांच्या समोर बसूनच करा, कारण ओटीपी तिकडेच येणार आहे.